खडकमावशीचे कान

त्या घरात टीव्ही लागला की शेजारणीला आपला लावायची गरज उरत नसे. वीज हिची, बातम्या तिला. पहिल्या वर्षी शेजारीण हसली. दुसऱ्या वर्षी तिने भिंतीवर थापा मारायला सुरुवात केली. आता तर ती लाटण्याने ठोकायची. पण ठोकून उपयोग काय? ज्या कानांसाठी ठोकायचं ते कान टीव्हीसमोर बसलेले, आणि त्यांना टीव्हीच जेमतेम ऐकू यायचा!

“आई, आवाज थोडा कमी करू का?” सून दारातून विचारायची.

“तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? माणसानं स्पष्ट बोलावं.”

“आवाज! कमी! करू का?”

“ओरडतेस कशाला? मी काय बहिरी आहे?”

झालं, इथे बोलणं संपायचं. सून स्वयंपाकघरात, दहा वर्षांची नात गृहपाठाच्या वहीत, आणि सासूबाई पुन्हा बातम्यांत. घरात या तिघीच. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. तो फोन करायचा तेव्हा आई म्हणायची, “तुमच्या बोटीवरचे फोन अगदीच फालतू. काही ऐकू येत नाही.” सगळ्या जगाचे फोन बिघडले होते, सगळ्या जगाच्या जिभा जड झाल्या होत्या. हिचे कान तेवढे शाबूत!

हसू नका, वाचकहो. तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल. नसेल तर आरशात बघा.

पण ही बाई म्हणजे कुणी ऐरीगैरी नव्हती. सगळा किनारा तिला खडकमावशी म्हणायचा, आणि तिचं नाव झालं होतं ते कानांमुळेच. ते कसं, हे आधी सांगायला हवं.

वस्तीच्या टोकाला समुद्र खडकाळ आहे. भरतीला गेलात तर नुसतं पाणी दिसेल. ओहोटी पुरती लागली की मात्र एक लांबलचक काळा कातळ वर येतो, पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. लोक त्याला पाठच म्हणतात. पाठीवर जायचं तर मधली चर ओलांडावी लागते. ओहोटीला तिच्यात घोटाभर पाणी असतं, पोरंटोरंही खिदळत जातात. पण चर मोठी कपटी. समुद्र फिरला की तो समोरून येत नाही, आधी मागून या चरीत शिरतो. पाठीवरचा माणूस समोर बघतो. समोरचे खडक कोरडे ठणठणीत, म्हणून तो निवांत असतो. आणि इकडे परतीची वाट कमरेएवढी होऊन बसलेली असते.

त्याच चरीच्या तोंडाशी एक पोकळ दगड आहे. भरतीचं पहिलं पाणी त्याच्या पोटात शिरलं की आतली हवा कोंडते आणि दगड बोलतो, “घुम्म!” म्हणून त्याचं नाव घुम्या. घुम्या बोलला की सावकाश चालत परत यायला पुरेल एवढा वेळ हातात असतो, जास्त नाही. घड्याळावर तिथे कुणी विसंबत नाही, कारण वारा जोराचा असला तर पाणी घड्याळाच्या आधीच येतं. म्हणून पूर्वीपासूनची रीत अशी की पाठीवर शिंपले वेचायला माणसं गेली की एकीने घुम्याजवळच्या उंच खडकावर बसायचं, हातात दुसरं काम घ्यायचं नाही, आणि नुसतं ऐकायचं. घुम्या बोलला की पत्र्याची थाळी लोखंडी पळीने बडवायची. थाळी वाजली की कुणी “एवढा एकच शिंपला” म्हणायचं नाही, उठायचं आणि निघायचं.

तीस वर्षं ती थाळी खडकमावशीच्या हातात होती. तिच्या सासूने तिला दिलेली. तीस वर्षांत एकाही माणसाचा गुडघ्याच्या वर कपडा भिजला नव्हता. बायका म्हणायच्या, “मावशी बसलीय ना, मग बघायचं काय!” आणि खरंच कुणी बघायचं नाही. सगळ्यांनी आपापले कान मावशीकडे गहाण टाकले होते.

आणि मावशीला दोन वर्षांपासून घुम्या ऐकू येत नव्हता.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा तिला वाटलं, दगडच फुटला असेल. मग तिने बघितलं की पाणी दगडात शिरतंय, उसळतंय, शेजारी उभी असलेली बाई दचकतेय, आणि आपल्याला मात्र कापूस कोंबल्यासारखं. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. पण बाई हुशार. तिने दुसरी युक्ती काढली. घुम्याच्या अंगावर पांढऱ्या बारीक कवचांचा एक पट्टा आहे, खडकाला चिकटून राहणाऱ्या जीवांचा. पाणी पट्ट्याच्या खालच्या कडेला लागलं की घुम्या बोलतो, हे तिने टिपून ठेवलं. तेव्हापासून ती कानाने नाही, डोळ्याने थाळी वाजवत होती. लोक म्हणायचे, काय कान आहेत! ती मान ताठ करायची. घरी येऊन टीव्हीचा आवाज वाढवायची.

सून मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. ती मूळची समुद्रापासून लांबची, पण खडकांवरच्या जीवांचं तिला फार वेड. एके दिवशी ती म्हणाली, “आई, परवा मोठी ओहोटी आहे. सहावीच्या बारा मुलींना पाठीवर न्यायचंय. डबक्यांत कोण कोण राहतं ते मोजायचं आणि वहीत काढायचं. मोठ्या बाईंनी परवानगी दिलीय, पण एका अटीवर. थाळीला तुम्ही बसायचं.”

मावशीने सुनेच्या ओठांकडे बघून सगळं टिपलं. “मी बसते म्हटल्यावर अट कशाला घालायची? तीस वर्षं काय मी तिथे डुलक्या काढतेय?”

अशी ही बाई! तेव्हाच “मला आता ऐकू येत नाही” असं म्हणाली असती तर जीभ झडली असती का? पण नाही. माणसाला गुडघा दुखतो हे चारचौघांत सांगायला लाज वाटत नाही, दात पडले तर कवळी काढून दाखवतो, पण कान गेला म्हटलं की जणू अक्कलच गेली!

ओहोटीच्या दिवशी सकाळी ऊन छान होतं. तीन दिवस वारा पिसाळला होता तो जरा बसला होता, तरी समुद्राकडून झुळका जोराच्याच. बारा मुली आणि तेरावी नात अशी वरात निघाली. पाणी अजून ओसरत होतं म्हणून मावशीही पाठीवर गेली, कारण तिथलं तिच्याइतकं माहीत कुणाला?

“पाय शेवाळावर नको, खरबरीत खडकावर द्या. हिरवं दिसलं की घसरलातच समजा.” ती पुढे, मुली मागे. एका डबक्याशी ती वाकली. तळाशी जांभळ्या पाकळ्यांचं फूल उमललेलं. “हे फूल नाही. बोट लावा हळूच.” एकीने लावलं, आणि फूल झटकन मिटून शेंबडाच्या गोळ्यासारखं झालं. मुली किंचाळल्या आणि लगेच सगळ्यांनाच बोट लावायचं झालं. “पुरे! त्याला काय दिवसभर हाच उद्योग आहे?”

मग तिने एक चपटा दगड उचलला. खाली केवढा संसार! दोन इवलाले खेकडे आडवे पळाले, एक तारामासा सावकाश हात हलवत होता, आणि गोगलगाईसारखं काहीतरी, त्याला नावही कुणी दिलेलं नसेल. मुलींनी माना घालून बघितलं.

“झालं बघून? आता दगड जसा होता तसा ठेवायचा. उलटा नाही, बाजूला नाही. कुणाच्या घराचं छप्पर काढून बघितलं तर परत घालायला नको?”

एका मुलीने काहीतरी विचारलं. मावशीने मान डोलावली, “हो, हो.” मुली एकमेकींकडे बघू लागल्या. मुलीने विचारलं होतं, “हे खेकडे चावतात का, की आम्ही हातात घेऊ शकतो?” नातीने तेवढ्यात पुढे होऊन त्या मुलीचा हात धरला म्हणून बरं. आजीकडे तिने नुसतं बघितलं.

पाणी तळाला गेलं तशी मावशी चर ओलांडून परतली आणि आपल्या खडकावर बसली. थाळी मांडीवर, पळी हातात. मग तिने घुम्याकडे बघितलं. तीन दिवसांच्या वाऱ्याने शेवाळाचा एवढा मोठा ढीग आणून घुम्याच्या अंगावर टाकला होता की पांढरा पट्टा पार झाकून गेला होता. तिने खाली उतरून ओढून बघितलं. वरचं निघालं, खालचं दगडांत गुंतलेलं. थोडं ओढलं, दम लागला, परत येऊन बसली.

तेव्हाही वेळ होता. हाक मारून सुनेला सांगता आलं असतं. पण तिने मनाशी म्हटलं, “एवढा मोठा आवाज, थोडातरी ऐकू येईलच की.” आणि डोळे मिटून, मान कलती करून, पूर्वी बसायची तशी ती ऐकत बसली.

किती वेळ गेला तिला कळलं नाही. कुणीतरी दंड धरून हलवलं. डोळे उघडते तर नात समोर. पाठीवर चरीजवळच्या डबक्याशी होती, तिथून एकटीच ओलांडून आलेली.

“आजी, घुम्या केव्हाचा ओरडतोय! तू थाळी का वाजवत नाहीस?”

पोरगी छातीपर्यंत भिजलेली होती.

त्या एका क्षणी त्या बाईच्या मनात काय झालं ते देवाला ठाऊक! तिने चरीकडे बघितलं. पाणी तपकिरी होऊन आत ढकलत होतं. पलीकडे, पाठीच्या पार टोकाला, मुली वह्यांत डोकी खुपसून बसलेल्या. सुनेची तर पाठच इकडे.

तिने थाळी बडवली. अशी बडवली की पत्रा वाकला. “पळा! नाही, पळू नका, पडाल! चला, चला!” नातीला तिने खडकावर बसवलं, “इथून हललीस तर बघ,” आणि स्वतः तशीच चरीत उतरली. साठी उलटलेली बाई, कमरेला पाणी, एका हाताने घुम्याच्या शेजारचा सुळका धरलेला आणि दुसरा हात पुढे केलेला. पलीकडून सून आली, तिने मुलींची साखळी केली, प्रत्येक लहान मुलीच्या दोन्ही बाजूंना उंच मुली. एकेक मुलगी हातातून हातात आली. पाणी ओढत होतं. कुणाची वही गेली, कुणाचा बूट गेला, एकीचा डबा तरंगत निघाला आणि ती पोर “माझा डबा!” म्हणून वळली, तेव्हा मावशीने तिचं मनगट असं पकडलं की वळ उठले.

“डबा जाऊ दे समुद्राच्या घशात! तू चल!”

शेवटची सगळ्यांत लहान मुलगी सुनेच्या खांद्यावर बसून आली. काठावर सुनेने डोकी मोजली. बारा आणि एक. पुन्हा मोजली. मग मावशीने मोजली. मग मुलींनीच मोजली आणि सगळ्या हसायलाच लागल्या, रडत रडत हसायला लागल्या. खरचटलं होतं चौघींना. बाकी सगळ्या धडधाकट! वाळूवर पसरून त्या उन्हात वाळत पडल्या आणि दहा मिनिटांत एक म्हणाली, “बाई, मी एकोणीस प्रकार मोजले. हिचे सतराच.”

जीव वाचले. गोष्ट इथे संपली असती तर मीही सांगितली नसती.

संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं. आणि लोकांनी काय म्हणावं? “खडकमावशीने थाळी वाजवली असणार वेळेवर. बाईंनीच पोरी आवरायला उशीर केला. लांबची आहे ती, तिला समुद्र काय कळतो!” दोन पालकांनी शाळेत तक्रार केली. मोठ्या बाईंचा निरोप आला, उद्या सकाळी लेखी खुलासा घेऊन या.

सून टेबलाशी बसून खुलासा लिहीत होती. “मावशींनी थाळी वाजवली तेव्हा मी टोकाला होते. वाऱ्यामुळे मला पहिल्यांदा ऐकू आली नसावी. जबाबदारी माझी.” तिला खरंच तसं वाटत होतं! घरी काहीही असो, खडकावर सासूचे कान चुकतील हे तिच्या डोक्यातही येईना.

मावशी स्वयंपाकघरात उगाच घासलेलं भांडं पुन्हा घासत होती. नात जवळ आली, तिच्या तोंडासमोर उभी राहिली, आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, “आजी, मी कुणाला सांगू नको का?”

बस्स! एवढंच विचारलं पोरीने. रागाने नाही, आजीला वाचवायला. दहा वर्षांची पोर खोटं उचलायला तयार झाली होती.

मावशीने हातातलं भांडं खाली ठेवलं. खडकावर फाटलेला नातीचा गणवेश तिने पिशवीत कोंबला आणि ती शिंप्याकडे निघाली.

शिंपीमास्तर तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त. नवरा गेला तरी मास्तर तिला वहिनीच म्हणायचा. दुकान म्हणजे एक खोली. मशीन, कापण्याचं लांब टेबल, खडूचे तुकडे, भिंतीला हँगरवर अर्धवट शिवलेले कोट, आणि मास्तरच्या नाकावर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. त्याने गणवेश उलटा करून बघितला, तोंडात चार टाचण्या धरल्या आणि फाटलेल्या जागी टाचत काहीतरी बोलला. मावशीने मान डोलावली, “हो, हो.”

मास्तरने टाचण्या तोंडातून काढल्या. “वहिनी, मी विचारलं, तुमच्या डोक्यावर शिंगं उगवलीत ती कधीपासून?”

मावशीचा चेहरा उतरला.

“तोंडात टाचण्या असल्या की तुम्ही नुसत्या हो हो करता. वर्ष झालं, मी बघतोय. ओठ दिसले तरच तुम्हाला ऐकू येतं. आज काय झालं तेही मला कळलं. थाळी वेळेवर वाजलीच नाही. हो ना?”

“मास्तर, लाज काढायची असेल तर मी दुसऱ्याकडे शिवून घेते.”

“बसा! माझं ऐका आधी.” मास्तर तिच्या समोर स्टूल ओढून बसला, उजेड तोंडावर येईल असा. “चाळिशीत मला सुईत दोरा ओवता येईना. मी म्हटलं, दोराच खराब. चष्मा लावला तर लोक म्हणतील शिंपी आंधळा झाला, कोण कापड देईल? म्हणून अंदाजाने कापायला लागलो. एका नवऱ्या मुलाचा कोट आला. मी एक बाही दोन बोटं आखूड कापली. तसलं दुसरं कापड मिळेना, लग्न दुसऱ्या दिवशी. आणि मी काय केलं माहीत आहे? बायकोला म्हटलं, माप तू चुकीचं लिहिलंस. ती बिचारी लोकांसमोर हो म्हणाली. चष्म्याची लाज वाटली मला, आणि मान खाली घातली तिनं!”

मावशी टेबलावरचा खडू उचलून खाली ठेवत राहिली.

“आखूड बाहीने कुणी मरत नाही, वहिनी. तुमच्या थाळीवर तेरा पोरी होत्या. आणि आता खुलासा कोण लिहितंय?”

“सून.”

“मग?”

“मास्तर, तीस वर्षं…” तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. “कान गेले तर मी कोण उरते? लोक तोंडावर मावशी म्हणतील आणि पाठीमागे बहिरी.”

“मला लोक चष्मेवाला म्हणतात. म्हणू देत! कोट तर सरळ शिवतो ना? नाकावर दोन काचा चढवल्या की माणूस शिकलेला दिसतो, आणि कानात बोंडाएवढं यंत्र घातलं की तो बिचारा? हा कुठला न्याय? कान गेले यात तुमचा काही गुन्हा नाही. ते झाकून थाळीला बसलात, तो गुन्हा!”

मावशी उठली. दारात थांबून म्हणाली, “तुमच्या बायकोची माफी मागितलीत का कधी?”

मास्तरने चष्मा पुसला. “सहा वर्षांनी. तुम्ही एवढा उशीर करू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सून खुलासा घेऊन शाळेत पोचली तेव्हा मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर बाकावर खडकमावशी आधीच बसलेली, हातात ती वाकलेली थाळी!

“आई? तुम्ही इथे कशाला?”

“तुझ्या आधी माझा नंबर आहे. मागे उभी राहा.”

खोलीत मोठ्या बाई होत्या, तक्रार केलेले दोन पालक होते, एका मुलीचे आजोबा होते. मावशीने थाळी टेबलावर ठेवली. “मोठ्या बाई, माझ्याकडे तोंड करून बोला, म्हणजे मला कळेल. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली.” तिने वाकलेल्या पत्र्यावर बोट ठेवलं. “घुम्या बोलला, मी ऐकला नाही. थाळी उशिरा वाजली. वाजल्यावर ही माझी सून एक क्षण थांबली नाही, लहान मुलीला खांद्यावर घेऊन आली. तिने जे लिहून आणलंय ते चूक आहे. फाडा तो कागद. चूक माझी, आणि मी ती लपवली, ही दुसरी चूक.”

“आई!” सून मागून म्हणाली.

“तू मध्ये बोलू नकोस. मागून बोललीस तर तसंही मला कळायचं नाही!”

एक पालक, ज्याची मुलगी डब्यासाठी वळली होती, तो आदल्या दिवसापासून धुसफुसत होता. तो काहीतरी कडक बोलणार होता. पण समोरची म्हातारी मान ताठ ठेवून, डोळ्यांतलं पाणी न पुसता उभी होती. तो एवढंच म्हणाला, “तिच्या मनगटावर अजून वळ आहेत, मावशी. तुम्ही धरलं नसतं तर…”

मोठ्या बाईंनी खुलाशाचा कागद घेतला आणि दोनदा फाडला. “तुम्ही आला नसतात तर मी यांना मुलींना बाहेर न्यायची बंदी करणार होते. आता तसं काही नाही. पण यापुढे थाळीला दोघीजणी बसतील. एक ऐकेल, एक बघेल. आणि शिक्षिकेच्या हातात घड्याळ असेलच.”

“हे आम्हालाच आधी सुचायला हवं होतं,” मावशी म्हणाली. “एकीच्या कानांवर सगळ्यांनी झोपा काढल्या.”

निघताना ते आजोबा हळूच तिच्या समोर आले. तोंड जवळ आणून म्हणाले, “कान कुठे तपासतात हो? मलाही डाव्या बाजूचं… घरात सांगितलं नाही.”

“उद्या सकाळी माझ्याबरोबर चला,” मावशी म्हणाली. “आणि घरी सांगून या!”

सासू-सून बाहेर पडल्या. फाटकापाशी सून पुढे होऊन तिच्यासमोर उभी राहिली. “आई, टीव्हीवरून मला शंका यायची. विचारलं नाही. तुम्ही चिडाल म्हणून.”

“म्हणजे माझ्या जिभेनेच माझे कान झाकले,” मावशी म्हणाली, आणि स्वतःच हसली. दोन वर्षांत ती अशी हसली नव्हती. सगळे हसले की हसायचं, सगळे गप्प झाले की गप्प व्हायचं, रात्रंदिवस लोकांच्या ओठांवर पहारा द्यायचा, या सगळ्याचा शीण किती होता ते तो उतरल्यावर कळलं. भरलेला हंडा डोक्यावरून उतरवल्यासारखी तिची मान हलकी झाली. “तुझ्या डोक्यावर माझं पाप टाकणार होते गं मी.”

“टाकलं नाहीत ना? झालं तर.”

कानाच्या दवाखान्यात तपासणारी मुलगी लहानशी होती. तिने मावशीला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर गोल झाकणं ठेवली आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. मावशीने तिसऱ्या मिनिटाला झाकण काढून सांगितलं, “बाई, मी उगाच बटण दाबत नाहीये हं. आता खोटं बंद.” दोन्ही कान गेलेले होते, पण पुरते नाही. यंत्राने पुष्कळ भागणार होतं. बाहेर बाकावर ते आजोबा बसले होते, आणि त्यांच्या शेजारी भिंतीवर लाटणं ठोकणारी शेजारीण! “माझी आईही अशीच करते,” ती म्हणाली, “तिला दाखवायला आणलंय.”

यंत्र बसलं त्या दिवशी मावशी घरात नुसती फिरत राहिली. नळ टपकतो हे तिला कळलं. नातीची पेन्सिल कागदावर खरखरते हे कळलं. आणि एक गोष्ट तिला मुळीच माहीत नव्हती. सून पोळ्या लाटताना गुणगुणायची, अगदी हळू, स्वतःपुरती. किती दिवसांपासून, कुणास ठाऊक! मावशी दाराच्या आड उभी राहून ऐकत राहिली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, “दुसरं कडवं चुकतेस. पुन्हा म्हण.”

तर वाचकहो, डोळे अधू होतात, कान जातात, गुडघे कुरकुरतात. देह म्हटला की हे येणारच. त्यात लाज कसली? आपलं उणं आपण चारचौघांत सांगितलं तर फार तर दोन दिवस लोक बोलतील. पण आपण ते लपवलं, तर ते ओझं आपल्याकडे राहत नाही, आपल्यावर विश्वास टाकलेल्या माणसाच्या डोक्यावर जातं. आणि घरात कुणाला ऐकू येत नसेल तर त्याच्यावर हसू नका, ओरडू नका. समोर बसा, तोंड दिसेल असं बसा, आणि प्रेमाने सांगा. पहिल्यांदा शिव्या खाल, खडकमावशीसारखी कुणी असेल तर दुसऱ्यांदाही खाल. तरी सांगाच!